काजूखालची सात नंबरची जागा

तत्त्वज्ञान शिकवून माणूस शहाणा होत असता, तर आज माझ्याकडे लोक सल्ला विचारायला आले असते. प्रत्यक्षात येतात ते फक्त कुरियरवाले, आणि तेही समोरच्या फ्लॅटचा पत्ता विचारायला.

एकतीस वर्षं मी कॉलेजात हा विषय शिकवला. शेवटच्या वर्षाला एक प्रकरण असे, मानवी हक्कांचा तात्त्विक पाया. माणसाला हक्क असतात हे सगळेच म्हणतात, पण ते येतात कुठून? मी फळ्यावर चार चौकोन काढायचो. एक, देवाने किंवा निसर्गाने जन्माबरोबर दिले. दोन, माणसाला बुद्धी आहे म्हणून मिळाले. तीन, आपण सगळ्यांनी मिळून तसा करार केला. चार, पूर्वापार चालत आले. मग खडू उलटा धरून एकेका चौकोनाला असे टोले द्यायचो की तास संपेपर्यंत एकही उभा राहत नसे. मुलं विचारायची, "सर, मग खरं कुठलं?" मी नुसता हसायचो. त्या हसण्याला मुलं फार गूढ समजत. खरी गोष्ट अशी की मला उत्तर ठाऊक नव्हतं आणि घंटा वेळेवर होत असे.

निवृत्त झाल्यावर मी कुडाळला स्टेशनच्या बाजूला फ्लॅट घेतला. गाव तिथून तासाभरावर, आचऱ्याच्या अंगाला. गावातल्या घराला बारा महिने कुलूप. किल्ली चुलतभावाकडे. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणून दादा. आणि त्याची बायको ती वहिनी. वाडीत जे काही चालतं ते दादाच्या आवाजात आणि वहिनीच्या अकलेने.

तर त्या वर्षी गावपळण आली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडच्या काही गावांत दर काही वर्षांनी देवाचा कौल घेतात, आणि कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. अख्खा म्हणजे अख्खा. म्हाताऱ्या, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. गावात एक चूल पेटत नाही, एक दिवा लागत नाही. वेशीपलीकडच्या माळावर चिवारीच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, आणि नारळीच्या झापांच्या राहुट्या उभ्या राहतात. चौथ्या दिवशी देवाने परवानगी दिली की परत. का, असं विचारलं तर कोणी भुतांचं कारण सांगतो, कोणी रोगराईचं, कोणी जमिनीला विसावा देण्याचं. दादाला विचारलं तर तो म्हणतो, "जावक होया म्हणान जावचा."

नोकरीच्या काळात मला एकही पळण गाठता आली नव्हती. यंदा रिकामाच होतो. शिवाय एक छुपा हेतूही होता. पुढच्याच आठवड्यात एका कॉलेजात मानवी हक्कांवर माझं व्याख्यान होतं, जुनी टिपणं नव्याने लिहायची होती. घरदार नाही, हुद्दा नाही, उघड्या माळावर नुसती माणसं. पुस्तकांत ज्या मूळ अवस्थेची कल्पना करून करून विचारवंतांनी डोकी शिणवली, ती मला एसटीने तासाभरात मिळणार होती. मी दोन वह्या, चष्म्याची जादा जोडी आणि उशी घेऊन निघालो.

माळावर पोचलो तर दादाची राहुटी अर्धी उभी होती. मी बाह्या सरसावल्या. दादाने माझ्या हातात सुंभ दिला आणि आडवं चिवार मेढीला बांधायला सांगितलं. मी बांधलं. दिसायला गाठ छानच होती. मी हात झटकून मागे सरलो, आणि आडवं चिवार सावकाश, जणू विचार करत, खाली आलं ते वहिनीच्या कोंबड्यांच्या पाटीवर. कोंबड्या वाचल्या. माझी अब्रू तेवढी सुदैवी नव्हती.

"मेल्या," दादा म्हणाला, "तू वही धर. सुंभाक हात लावू नको."

अशा रीतीने मी आमच्या वाडीच्या मुक्कामाचा व्यवस्थापक झालो. काम एवढंच, की कोणाची राहुटी कुठे ते लिहून ठेवायचं, म्हणजे भांडणं नकोत. दुसऱ्या कोणी ते काम पाच मिनिटांत आटपलं असतं. पण मी एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. मी चुन्याची रेघ मारून चौदा जागा आखल्या. त्यांना नंबर दिले. ग्रामपंचायतीतून वाडीच्या घरनंबरांची यादी आणली आणि वहीत रकाने पाडले: जागा नंबर, घर नंबर, कुटुंबप्रमुख. सात नंबरची जागा मोठ्या काजूच्या झाडाखाली होती, दुपारभर गार सावली. तिच्यासमोर मी माझं नाव लिहिलं, कारण वाचनाला सावली लागते. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी कार्डशीटवर स्केचपेनने मुक्कामाचा जाहीरनामा लिहिला, चांगली पाच कलमं, आणि तो काजूच्या बुंध्याला सुंभाने बांधला. दोनदा सुटून पडला. तिसऱ्यांदा वहिनीने बांधून दिला.

देवळात नौबत झाली आणि गाव रिकामा होऊ लागला. डोक्यावर गाठोडी, हातात दावी, टेम्पोत म्हाताऱ्या. मी काजूखाली खुर्ची टाकून बसलो, मांडीवर वही. येईल त्याला नंबर विचारायचा आणि जागा दाखवायची. लोक मला बघून हसत होते. मला वाटलं, आदराने.

दुपारच्या सुमाराला एक माणूस पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन आला. मागे त्याची बायको, तिच्या कुशीत शालीत गुंडाळलेली तान्ही मुलगी, असेल तीन महिन्यांची. वाडीतल्या एका मोठ्या आंब्याच्या बागेचा हा राखणदार. बागेचा मालक मुंबईला. बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपीत, हे तिघं राहत. मी त्याला लांबून पाहिला होता, बोललो कधी नव्हतो. म्हणून हिंदीत सुरुवात केली.

"आप किधर के?"

"वाडीतलोच," तो म्हणाला. "बागेतलो."

"तसं नाही. मूळचे कुठले?"

"नेपाळचो. पण तीन वर्सां झाली, हंयच आसंय."

त्याची मालवणी माझ्यापेक्षा चांगली होती. हे मला जरा लागलंच. मी वहीत तोंड घातलं.

"घर नंबर?"

"मांगराक नंबर नसता, साहेब. कलमांका आसत. माझ्याकडे एकापासून दोनशे चाळीसपर्यंत कलमा आसत. मांगराक नाय."

मी यादी वरून खाली आणि खालून वर पाहिली. चौदा जागा, चौदा घरनंबर. आंब्याच्या झाडांना गावात नंबर होते, ह्या तिघांना नव्हता. मी म्हटलं, "मालकाने काय सांगितलंय?"

"मालक फोनार म्हणालो, तीन दिवस खंय तरी ऱ्हवा."

आता खरं तर माळ केवढा तरी मोठा पडला होता. पण माझी वही भरली होती. मी त्याला समजावून सांगितलं, अगदी मायेने, की व्यक्तिशः माझी काही हरकत नाही, पण हा व्यवस्थेचा प्रश्न आहे. एकाला यादीबाहेर घेतलं की यादीला अर्थ उरत नाही. तो ऐकत राहिला. जो मदत करणार नाही त्याचं बोलणं माणूस जसं शेवटपर्यंत ऐकून घेतो, तसं.

"बरां, साहेब," तो म्हणाला. "खालच्या रस्त्यावरचो एसटीचो थांबो गावात धरतत की भायर?"

तो थांबा शेजारच्या गावाच्या हद्दीत होता. तीन बाजूंनी उघडा, आणि मार्गशीर्षात खाडीवरून वारा असा येतो की उभा माणूस वाकतो. मी म्हटलं, "बाहेर." माहिती अचूक होती. त्याने ट्रंक उचलली. बायकोने शाल मुलीच्या डोक्यावरून ओढून घेतली. दोघं उतरणीला लागली.

तेवढ्यात वहिनी कोंबड्यांना पाणी पाजून वर आली.

"भावजीनू, ती बाय चेडवाक घेवन खंय चल्ली?"

मी व्यवस्थेचा प्रश्न पुन्हा सांगितला. वहिनीने पदराला हात पुसले. जाहीरनाम्याकडे बोट केलं आणि दादाला म्हणाली, "काय लिवल्यानी ता वाचा बघया."

दादाने बातम्या देणाऱ्याच्या आवाजात वाचायला घेतलं. माणसं गोळा झाली.

"कलम एक. सर्व माणसे जन्मतः समान आहेत."

"बरां आसा," वहिनी म्हणाली. "फुडे."

"कलम दोन. ज्या कुटुंबाची गावातील पेटती चूल पळणीमुळे विझली, त्या कुटुंबाचा मुक्कामाच्या जागेवर हक्क राहील."

हे कलम माझं आवडतं होतं. सकाळी ते सुचलं तेव्हा मी स्वतःशीच मान डोलावली होती.

वहिनीने उतरणीकडे तोंड करून हाक मारली. "रे भावा, जरा थांब. सकाळी तुमची चूल पेटलली काय?"

राखणदार वळला. "पेटलली. चाय केली. मगे पाणी मारून इलंव."

"ह्येंची चूल विझली," वहिनी जमलेल्यांना म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर अशी माया होती की मला तेव्हाच पळायला हवं होतं. "आता भावजीनू, तुमची चूल खंय आसा?"

माझा गॅस कुडाळला होता. सकाळी चहा करून मी तो बंद केला होता खरा, पण पळणीमुळे नव्हे, सिलिंडर संपेल म्हणून. गावातल्या घराची चूल आई गेल्यापासून थंडच होती. मी स्वतः, माझ्या हाताने, स्केचपेनने आणि खाली दुहेरी रेघ मारून, स्वतःला माळावरून काढून टाकलं होतं.

लोक हसले ते किती हसले ते सांगत नाही. दादाने माझ्या हातातली वही घेतली, पेन्सिल जिभेला लावली आणि सात नंबरवरचं माझं नाव खोडलं. राखणदार परत आला होता. दादाने त्याला काजूखालची जागा दाखवली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, विचारावं तसं. मी मान हलवली. दुसरं काय करणार, कलमच तसं होतं.

मग मी माझी पिशवी आणि उशी घेऊन जरा लांब एका चिऱ्यावर बसलो. गंमत चालली होती हे मलाही कळत होतं. कोणी मला खरंच हाकलणार नव्हतं. तरी गंमत लांबली की तिला आतून धार येते. मी म्हटलं, आपल्यालाही काही युक्तिवाद येतात.

"दादा, माझा जन्म इथला."

"तुझो जन्म मालवणच्या दवाखान्यात. तुझ्या आयेक होडयेत घालून न्हेल्ली, माका आठवता."

"आजोबांचं घर आहे आपलं. पूर्वापार."

"घराक कुलूप. थंय आता वाळवी ऱ्हवता. वाळवयेक आखून दिवची काय एक जागा?"

"वाडीचा आणि माझा एक अलिखित करार आहे. दर गणपतीला येतो. आरत्यांना उभा राहतो."

"उभो ऱ्हवतस. दोन कडव्यांनंतर नुसतो तोंड हलयतस."

मी शेवटचा चौकोन काढला. म्हटलं, "माणूस आहे मी. विचार करू शकतो."

दादाने जाहीरनाम्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्या तू इचार करून लिवलंस?"

चारही पडले. फळ्यावर हे चौकोन मी शेकडो वेळा पाडले होते, पण तेव्हा माझ्या हातात खडू असायचा. आतल्या बाजूला मी पहिल्यांदाच बसलो होतो. चिरा दुपारच्या उन्हाने तापला होता, आणि माझं तोंड आपोआप आणखी कारणं जुळवत होतं: मी दादाला लहानपणी पोहायला शिकवलं होतं (खोटं, त्यानेच मला), मी वाडीच्या वाचनालयाला पुस्तकं दिली होती (ती कोणी उघडली नव्हती). प्रत्येक कारण मागच्याहून किरकोळ. जागा नसण्यापेक्षा हे जास्त जड होतं, की आपण इथे का आहोत ते सांगत बसायचं. मला आठवलं, राखणदाराने मला एकही कारण सांगितलं नव्हतं. मुलगी तीन महिन्यांची आहे, एवढंही नाही. त्याने फक्त थांबा कुठल्या हद्दीत आहे ते विचारलं होतं.

तोवर त्याने तिकडे मेढी पुरल्या होत्या. सुंभाची गाठ मारायला त्याला श्वास घेण्याइतका वेळ लागत होता. वळसा, खालून वर, ओढ, झालं. बायको काजूच्या बुंध्याला टेकून मुलीला पाजत बसली होती, जाहीरनाम्याच्या बरोबर खाली.

वहिनी माझ्यासाठी पेज घेऊन आली. उकड्या तांदळाची, बाजूला भाजलेला सुका बांगडा.

"अजून कारणा शोधतास?" ती म्हणाली.

"एक सापडलं तर बरं," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात व्याख्यान आहे."

ती शेजारच्या चिऱ्यावर बसली. तिला व्याख्यानाची काही पडलेली नव्हती. तिला बोलायचं होतं ते दुसरंच, आणि ती ते माझ्याकडे न बघता बोलली.

"देवान गाव भायर काढल्यान, तेव्हा कोणाक इचारल्यान? मशिदीकडच्या चाचाचा घर भायर पडला, गुरवाचा पडला, सरपंचाचा पडला. माझ्या कोंबयेकसुद्धा ऱ्हवाक दिल्यान नाय. भायर काढताना देवान नंबर इचारूक नाय, मगे भायर बसयताना आमी कित्या इचारूचो?"

मी पेज ढवळत राहिलो. मग माझ्यातला मास्तर जागा झाला. मी मेल्याशिवाय तो मरणार नाही. म्हटलं, "वहिनी, राखणदाराचं ठीक. पण मला तर देवानेही काढलं नाही. मी कुडाळहून आपणहून आलो. माझं कसं बसतं यात?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. लहान मुलाने नाकात शेंगदाणा घातल्यावर बघतात, तसं.

"हंय इलास मां?" ती म्हणाली. "मगे जेवा. पेज थंड होता."

आणि उठताना, पाटी उचलताना, सहज म्हणाली, "आनि इचारणारे तुमीच होतास. आमी खंय कोणाक इचारलेला?"

एकतीस वर्षं मी मुलांना एकच सांगत आलो होतो, की हक्क सांगणाऱ्याने आपला आधार दाखवला पाहिजे. विचारणाऱ्याला कोणी बसवला, हा प्रश्न माझ्या फळ्यावर कधी आलाच नाही. खुर्ची मी स्वतःच नेऊन टाकली होती, सावलीत.

"साहेब," काजूखालून हाक आली. राखणदार झाप बाजूला धरून उभा होता. "हंय जागा आसा. येवा."

त्याने राहुटी चौघांच्या मापाची बांधली होती. कधी ठरवलं कोण जाणे. ज्या माणसाला मी दुपारी रस्ता दाखवला, त्याच्या राहुटीत, एकेकाळी माझ्याच असलेल्या जागेच्या कडेला, माझी उशी पडली. तीन दिवस मी तिथे राहिलो. व्याख्यानाची टिपणं उघडली नाहीत. मुलगी माझा चष्मा ओढायची. तिच्या आईने मला एकदाही साहेब म्हटलं नाही, ती मला सरळ दाजू म्हणायला लागली, म्हणजे मोठा भाऊ, आणि पाणी आणायला पाठवायची. राखणदाराने मला ती गाठ शिकवायला घेतली. त्याचा संयम बघून मला माझ्या अध्यापनाची लाज वाटली.

जाहीरनामा दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या राहुटीतल्या शेळीने खाल्ला. कलम एकपासून सुरुवात केली तिने. कोणी तिला चूल विचारली नाही.

चौथ्या दिवशी देवाने कौल दिला. राहुट्या उतरल्या. माणसं, गुरं, कोंबड्या आल्या तशा परत निघाल्या. वहिनीने राखणदाराच्या बायकोच्या पाटीत सोललेले दोन नारळ टाकले आणि मला म्हणाली, "फुडच्या पळणीक वही मिळूची नाय. कोयतो मिळतलो."

व्याख्यान झालं. मी सवयीने चार चौकोन काढले, पण त्यांना टोले दिले नाहीत. चौकोन वाईट नाहीत. उन्हात बसल्यावर चारही थोडेथोडे आठवतात. मुलांना मी काजूखालची गोष्ट सांगितली. शेवटी एका मुलीने विचारलंच, "सर, मग पाया कुठला?" घंटा झाली नाही. आता कॉलेजात घंटा होत नाहीत म्हणे. मी म्हटलं, "पाया मला अजून नीट सांगता येत नाही. माझी चूक कुठे झाली ते सांगता येतं. मी त्याला घर नंबर विचारला." तिने ते लिहून घेतलं. परीक्षेत लिहिलं असेल तर नापास झाली असेल, आणि त्याला जबाबदार मी.

गाठ अजून येत नाही. बाल्कनीच्या गजाला सुंभ बांधून रोज सराव करतो. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी सोसायटीत काळजी व्यक्त केली, म्हातारा एकटा राहतो आणि दोऱ्यांशी खेळतो. मी आता पडदा ओढून सराव करतो.

मध्यंतरी राखणदाराचा फोन आला. मुलगी चालायला लागली, कलमांना मोहोर चांगला आहे. मग विचारलं, "गाठ इली काय, साहेब?"

"सुटते," मी म्हटलं.

"काय हरकत नाय. फुडच्या पळणीक येवा. काजूखालची जागा मी धरून ठेवतंय." आणि मला अवघड वाटू नये म्हणून हलकेच म्हणाला, "तुमची चूल नाय, ता माका ठावक आसा."